मागचा डोंगर

गावाचं नाव सांगणार नाही.
दाभोळची फेरीबोट उतरलात की
उजवीकडे की डावीकडे, तेही नाही.
एवढंच, की तिथे सडा आहे,
सड्याच्या कडेला वारुळं,
आणि वाऱ्याला खारट वास.

सव्वीस वर्षं झाली या धंद्याला.
धंदाच म्हणतो मी; सासुरवाडीत विचारलं तर नोकरी.
वैशाखात लग्नं काढायची,
हळदीचे, अक्षतांचे, रुसलेल्या करवल्यांचे फोटो,
आणि त्या पैशांत उरलेलं वर्ष
कांदळवनात गुडघाभर चिखलात उभं राहायचं.
लेन्सला इथे बुरशी धरते, पापडाला धरावी तशी.
म्हणून कपाटात चाळीसचा बल्ब, रात्रंदिवस.
बायको म्हणायची, देवापुढे तरी जळतो का एवढा दिवा?

कासवांची पिल्लं सगळ्यांनाच हवी असतात.
ती उजेडात, समुद्राकडे तोंड करून चालतात,
मुलांना दाखवता येतात.
खवल्या मांजराचं तसं नाही.
ते रात्री निघतं, कुणाचं देणं असल्यासारखं,
आणि चाहूल लागली की
स्वतःचीच गाठ मारून बसतं.

धाकलू भुवडाबरोबर एकोणीस रात्री बसलो.
त्याच्याकडे नाचणीची भाकरी, माझ्याकडे डासांचं मलम.
बोलायचं नाही, खोकायचं नाही.
विसाव्या दिवशी ते उजेड असतानाच निघालं,
शेपटीवर पिल्लू,
आणि मागे
दोन खाचांचा डोंगर, तांबूस, स्वच्छ,
जणू कुणी मुद्दाम आणून ठेवलेला.

केळुसकर साहेबांनी अर्धं पान दिलं.
पुण्याहून ढाल आली, शाल, नारळ.
भाषणात मी म्हणालो, छायाचित्रानं प्राणी वाचतो.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असाव्यात.

बेचाळीस दिवसांनी वनखात्याच्या निमकरबाईंचा फोन.
पंचनाम्याला फोटो हवेत, आमचा माणूस रजेवर आहे.
चौकीत लादीवर गोणपाट,
गोणपाटावर खवले, सुटे, नखांसारखे,
साडेतीन किलो.
शेजारी पट्टी ठेवून काढले. वरून, दोन्ही बाजूंनी, फ्लॅश मारून.
माझ्या हातून निघालेले सगळ्यात नेमके फोटो ते.
खवले ज्या वर्तमानपत्रात बांधून आणले होते
ते मी उलगडून पाहिलं.
माझं पान नव्हतं. क्रिकेटचं होतं.
त्यानं काही सिद्ध होत नाही.
चौघे पकडले, त्यातल्या एकाला वाचताच येत नव्हतं.
त्यानंही होत नाही.

धाकलूनं दोष दिला नाही.
चुलीपुढे बसून बराच वेळ ते अर्धं पान बघत राहिला
आणि म्हणाला,
"फोटू ब्येस हाय.
पन डोंगूर वलखू येतो आमचा."

तेव्हापासून मी डोंगर घेत नाही.
खाली बसतो, पोटावर आडवा होतो.
माती, मुंग्या, एखादा पंजा, पालापाचोळा.
आकाश आलंच तर ढगापुरतं.
नवे संपादक म्हणतात, काका, जरा परिसर येऊ द्या,
वाचकाला कोकण दिसू द्या की.
बघू, म्हणतो.

मागच्या आठवड्यात ट्रॅप कॅमेऱ्यात
पहाटे तीन सत्तेचाळीसला
फ्रेमबाहेर जाणारी एक शेपटी सापडली.
करडी, अर्धी, हललेली.
वर काहीतरी आहे. पिल्लू असेल, पान असेल.
धाकलूला दाखवली.
त्यानं मोबाइल घेतला, पाहिला, पालथा ठेवला
आणि म्हणाला, "पेज घ्या. निवंल."

फाइल आहे अजून माझ्याकडे,
लग्नांच्या फोल्डरमध्ये.
नाव दिलंय: रहाटे यांची हळद.